आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत: कागद, बॅगा आणि रोज बदलणारे नियम

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई-बाबा दिग्रसजवळच्या गावातून ताईच्या बाळंतपणासाठी शिकागोला निघालेत. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. व्हिसा झालाय, तिकीट नागपूर-दोहा-शिकागो असं एकाच बुकिंगवर आहे. घरच्या ग्रुपवर मात्र रोज नवा मेसेज येतो: पॉवर बँक बंद, लोणचं बंद, नवीन फॉर्म भरा, लस घ्या. मावसभाऊ म्हणतो, मी दोन वर्षांपूर्वी सगळं नेलं, कोणी विचारलंसुद्धा नाही. मग यातलं खरं काय?

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच वर्षांपासून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटांचं काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रवासी तुमच्या आई-बाबांसारखेच असतात. शेती करणारे, साठीच्या आसपासचे, लेकीकडे नाहीतर मुलाकडे निघालेले. त्यामुळे खालचं सगळं त्यांना डोळ्यासमोर ठेवूनच लिहितोय.

मावसभाऊ खोटं बोलत नाही आणि ग्रुपवरचे सगळे मेसेजही खोटे नाहीत. गोंधळ होतो, कारण नियम कोणाचा आहे हे कोणी सांगत नाही. देशात कोणाला घ्यायचं आणि सोबत काय येऊ द्यायचं, हे अमेरिका ठरवते. हातातल्या पिशवीत काय चालेल, ते ज्या ज्या विमानतळावर तपासणी होते तिथली यंत्रणा ठरवते. म्हणजे तुमच्या बाबतीत आधी नागपूर आणि मग दोहा. वजन किती न्यायचं आणि पॉवर बँक वापरायची की नाही, हे विमान कंपनी सांगते. या तिघांपैकी ज्याचा नियम सगळ्यात कडक, तो पूर्ण प्रवासाला लागू आहे असं धरून बॅग भरायची. मावसभाऊ कुठून गेला, कोणत्या कंपनीने गेला, हे बदललं की त्याचा अनुभव तुमच्या कामाचा राहत नाही.

आधी फॉर्मचं. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं. सिंगापूर आणि मलेशियाचीही तशीच कार्डं आहेत. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली. भारतात येणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड आलं. हे सगळं खरं आहे, पण व्हिसा घेऊन अमेरिकेला निघालेल्या भारतीयाला यातलं काहीच लागत नाही. ‘एस्टा’ नावाचा जो ऑनलाइन अर्ज फिरतोय, तो ज्या देशांच्या लोकांना अमेरिकेचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. कोरोनाच्या लशीची अट अमेरिकेने १२ मे २०२३ ला काढून टाकली. तेव्हा कोणी लिंक पाठवून पैसे भरायला सांगत असेल तर भरू नका. थायलंड आणि सिंगापूरची कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतात, आणि त्यांच्याच नावाने पैसे उकळणारी संकेतस्थळं ढीगभर आहेत.

आई-बाबांच्या बाबतीत खरं बघायचं ते नावाचं. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे आईच्या पासपोर्टवर कधी नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कधी नसतं, कधी आडनावाची जागाच कोरी असते. कोरी असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं दिसेल. ती चूक नाही, पण तिकीट त्याला धरून काढलेलं असलं पाहिजे. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या लोकांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी बायांचे पासपोर्ट आम्हाला दुरुस्त करून घ्यावे लागले. तुमचा रस्ता कतारमधल्या दोह्यातून आहे, म्हणून तो नियम तुम्हाला लागत नाही. पण पुढे कधी दुबईला न्यायचं मनात असेल तर ही दुरुस्ती आताच डोक्यात ठेवा. दोघंही पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यामुळे दहावी नाही म्हणून ईसीआरचा (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा) शिक्का वगैरे काळजी करायचं कारण नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी असू द्या.

व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षं राहता येतं, असा समज मी दर महिन्याला कोणाचा तरी दूर करतो. किती दिवस राहायचं ते शिकागोच्या काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पोचल्यावर दोन-तीन दिवसांत ताईने सरकारी संकेतस्थळावरून ती काढून बघावी. काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करता येतं. सहा महिने उलटून गेल्यावर लक्षात आलं तर पुढचे सगळे व्हिसे अडचणीत येतात.

आता काउंटरवर काय होईल ते सांगतो. फोटो घेतील, बोटांचे ठसे घेतील. २६ डिसेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा फोटो येताना घेतात तसाच जातानाही घेता येतो, आणि ७९ वर्षांवरच्यांना पूर्वी जी सूट होती तीही गेली. फोटोचं काही नाही. ठशांचं मात्र आपल्या लोकांसाठी बघावं लागतं. रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा उठत नाही, त्यांचा तिथेही लवकर उठत नाही. कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या टोकांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. मी अशा प्रवाशांना निघायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन चोळायला सांगतो आणि शेवटचे काही दिवस वखर, खुरपं, भांडी यांना हात लावू देत नाही. फरक पडतो. तरी उठला नाही तर घाबरायचं नाही. अधिकारी हात पुसून पुन्हा ठेवायला सांगतात, नाहीतर वेगळ्या खोलीत बसवून तपासतात. वेळ जातो, एवढंच.

प्रश्न साधे असतात. कोणाकडे आलात, किती दिवस राहणार, परत कधी जाणार. उत्तरं खरी आणि छोटी द्यायची. लेकीकडे आलो, नातवंड बघायचंय, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. कोणी शिकवलेली लांबलचक उत्तरं पाठ करून गेलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला गडबडतो. ताईचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि परतीची तारीख इंग्रजीत एका कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. ‘मला मराठी येतं, कृपया दुभाषा द्या’ हेही त्याच कागदावर इंग्रजीत लिहा. फोनवर ठेवू नका. ऐन वेळी बॅटरी उतरते नाहीतर वायफाय मिळत नाही.

आता बॅगांकडे येऊ, कारण घरातली खरी ओढाताण तिथेच चाललेली असणार.

पॉवर बँक बंद झालेली नाही. ती सामानाच्या मोठ्या बॅगेत कधीच चालत नव्हती, आताही नाही. हातातल्या पिशवीतच ठेवायची. याचं कारण समजून घेतलं तर नियम लक्षात राहतो. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. वर पेटली तर कर्मचारी विझवू शकतात. खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथे कोणी पोचू शकत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या असलेल्या विमानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली आणि विमान जळालं. प्रवासी वाचले. तपासात पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर कोरियाने ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, मग एकेका कंपनीने विमानात तिच्यावरून चार्जिंग करणं बंद केलं. आपल्याकडे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनेही तशाच सूचना दिल्या. म्हणजे आज सुरक्षित वागणं असं: एकच पॉवर बँक, हातातल्या पिशवीत, पिशवी सीटखाली, आणि विमानात ती वापरायची नाही.

किती मोठी चालते, याचा हिशेब घरीच करता येतो. मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) आहे. त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी अजिबात चालत नाही. पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं. १०,००० ची असेल तर ३७ येतात, २०,००० ची असेल तर ७४. ३०,००० ची १११ वर जाते, ती घरीच राहू द्या. आणि आकडा पुसलेला असेल किंवा आठवडी बाजारातून घेतलेल्या पॉवर बँकेवर काही छापलेलंच नसेल, तर तपासणारा ती ठेवून घेऊ शकतो. बाबांची चार्जिंगची टॉर्च न्यायची असेल तर तीही हातातल्या पिशवीत. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. विमान भरलेलं असलं की दारातच हातातली बॅग खाली सामानात टाकायला घेतात. तेव्हा पॉवर बँक काढून जवळ घ्यायची. आई-बाबांना हे आपणहून कोणी सांगणार नाही.

पेटणाऱ्या दुसऱ्या वस्तू आईच्या पूजेच्या डब्यात असतात. कापूर हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. काडेपेटी आणि लायटर घरी. हळद, कुंकू, उदबत्ती मोठ्या बॅगेत खुशाल जाऊ द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढून ठेवा. लोकांना हे खरंच वाटत नाही, पण सुकं खोबरं तेलकट असतं, बंद जागेत आपोआप तापू शकतं, आणि विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते धोकादायक मालात मोडतं. बॅग एक्स-रेखालून गेली की वाट्या साफ दिसतात. मग प्रवाशाला बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि ऐन निघायच्या वेळी आईच्या हातापायांना कापरं भरतं. लाडवात किसून भाजून मिसळलेल्या खोबऱ्याला आजवर कोणी अडवल्याचं मला माहीत नाही.

लाडवांचा विषय निघालाच आहे, आणि बाळंतपण म्हटलं की डिंकाचे लाडू जाणारच. नेऊ द्या, पण त्यात खसखस घालू नका. यूएई, सौदी यांसारख्या आखाती देशांत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, सिंगापूरमध्येही येते. तुमच्या बॅगा नागपूरहून थेट शिकागोच्या टॅगने जातील, दोह्यात त्या हातात येणार नाहीत, हे खरं. पण पुढचं विमान चुकलं, मुक्काम पडला आणि बॅगा घेऊन बाहेर जावं लागलं, तर तिथला कायदा लागू होतो. साठीच्या माणसाला परक्या देशात त्या चौकशीत उभं करण्याइतकी खसखस मोलाची नाही. घरच्या सावजी मसाल्यात असते, अनारशांवर असते, तिकडेही बघा. ताईला हवीच असेल तर अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत मिळते.

अमेरिकेच्या कस्टम्सचा एक नियम बाकी सगळ्यांच्या वर ठेवा: खायचं जे काही आहे ते सांगायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते काढून घेतात, बात तिथेच संपते. न सांगता सापडली तर दंड होतो. फॉर्मवर असो की तोंडी, ‘खाण्याचं काही आहे का’ याला ‘हो’ म्हणायचं. लाडू, पापड, चिवडा, लोणचं, सुंठ, ओवा, खारीक यांना सहसा अडचण येत नाही. ‘सहसा’ म्हणतो, कारण शेवटचा निर्णय त्या काउंटरवरच्या माणसाचा असतो. ताजी फळं नकोत. वरुड-मोर्शीची संत्री कितीही गोड असली तरी नाहीत. ताजा कढीपत्ता नको. संत्रावर्गीय झाडांना रोग लावणारी कीड त्यावरून पसरते, आणि त्यांच्या बागांना त्याचा मोठा फटका बसलेला आहे. संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही. मटण, अंडी नकोत. पेढे, बर्फी, घरचं तूप यावर वाद होऊ शकतो. तूप तिथे मिळतं, मग कशाला न्यायचं? ताईच्या परसात लावायला वालाचं, चवळीचं, मेथीचं बी बाबा गुपचूप ठेवतील. माझ्याकडे येणारे निम्मे बाबा ठेवतात. पेरायच्या बियाण्याला कृषी विभागाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर बी नको.

तिथे आणखी एक प्रश्न विचारतात: तुम्ही शेतावर, गुराढोरांजवळ होता का? आपली माणसं भीतीने ‘नाही’ म्हणतात. बाबा आदल्या दिवशीपर्यंत गोठ्यात असणार, मग ‘हो’ म्हणायचं. त्यात गुन्हा काही नाही. जनावरांचे रोग मातीतून पसरतात म्हणून ते चपला-बूट बघतात. यासाठी बाबांचे बूट निघायच्या आदल्या दिवशी तळापासून घासून धुऊन वाळवा. आपली काळी माती बुटाच्या नक्षीत दगडासारखी चिकटून बसते. काडीने टोकरून काढावी लागते. शेतातली वहाण तर बॅगेत टाकूच नका.

हातातल्या पिशवीत द्रव, जेल, मलम १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीत, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं उडवायचा कट उघड झाला, तेव्हापासून हा नियम आहे. युरोपातल्या काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो शिथिल झालाय, त्याच्याच बातम्या तुमच्या ग्रुपवर आल्या असतील. नागपूरला जुनाच नियम धरा. तूप, पातळ लोणचं, मध हेही द्रवातच मोजतात. पाण्याची बाटली तपासणीआधी रिकामी करायची आणि आत गेल्यावर भरायची. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी पावडरवरही लक्ष असतं. साधारण ३५० मिलिलिटरहून जास्त पावडर हातात असेल तर वेगळी तपासतात. म्हणून मसाला, सातू, बाळंतकाढ्याची पुडी मोठ्या बॅगेतच. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा. बिननावाची पांढरी-पिवळी पूड बघून कोणालाही शंका येईल.

औषधं याच्या उलट. ती हातातच हवीत, पूर्ण प्रवासाची आणि वर आठवडाभराची. मूळ पट्टीतच ठेवा, डबीत सुटी काढून नका ठेवू. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, ताज्या तारखेची घ्या. इन्सुलिन असेल तर १०० मिलिलिटरची अट त्याला लागत नाही, पण तपासणीच्या वेळी आधी दाखवायचं. सामानात टाकू नका, खाली थंडीने ते निकामी होऊ शकतं. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनेच्या, खोकल्याच्या गोळ्या आखाती देशांत कडक नियंत्रणात आहेत. आईला गुडघ्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यातून काय लिहून दिलंय ते एकदा तपासा, आणि पर्यायी औषध विचारून घ्या. बाबांना खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) लागत असेल तर तोही इथेच सोडून जावा.

वजनाचं मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या तिकिटावर आहे. ‘२ पीसी’ लिहिलं असेल तर दोन बॅगा, बहुतेक वेळा प्रत्येकी २३ किलोच्या. दोन्ही मिळून ४६ भरतात म्हणून एकीत २८ आणि दुसरीत १८ चालत नाही. गावातल्या दुकानाच्या काट्यावर बॅगा चढवून बघा आणि किलोभर कमीच ठेवा. पोतं शिवून किंवा गाठोडं बांधून नेऊ नका. सपाट तळाची बॅगच पट्ट्यावर नीट चालते. दुबई विमानतळाने २०१७ पासून गोलमटोल सामान घेणं बंद केलंय ते याच कारणाने. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध.

शिकागोत या बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या आणि कस्टम्समधून न्यायच्या आहेत. दोघांना ते जमणार नसेल, किंवा भाषेची धास्ती असेल, तर कंपनीकडे निदान ४८ तास आधी व्हीलचेअर मागून ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत. दोह्यात गेट शोधण्यापासून शिकागोत बाहेर येईपर्यंत सोबत माणूस मिळतो. चालता येतं म्हणून बाबा लाजतील. त्यांना समजवा.

नियम तीनदा तपासा. आता एकदा, निघायच्या आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा. अमेरिकेच्या सीबीपीचं (सीमा आणि कस्टम्सची तपासणी करणारं खातं) आणि तुमच्या विमान कंपनीचं संकेतस्थळ, एवढी दोन पानं पुरतात. मी लिहिलेलंही तिथे ताडून बघा.

आणि भाऊ, प्रश्नासोबत तुम्ही तिकिटाचा फोटो टाकलाय, त्यात पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) आणि आडनाव दोन्ही दिसतंय. तेवढ्यावर कोणीही बुकिंग उघडून सीट, जेवण, अगदी तारीखसुद्धा बदलू शकतो. तो फोटो आत्ताच काढून टाका. आईच्या गोळ्यांची नावं आणि तिकिटावरचा वजनाचा रकाना तेवढा लिहून कळवा, मी बघून सांगतो.